फाटकाच्या अलीकडचे पक्षी

गोंदिया जिल्ह्यात पक्षी दाखवण्याच्या सहली काढाव्यात का, आणि काढायच्या तर कुठे, कोणी आणि कोणत्या महिन्यात, यावर इथे दोन ठाम मतं ऐकू येतात. एक मत जंगलाच्या फाटकावर गाईड म्हणून उभ्या राहणाऱ्या तरुणांचं आहे. दुसरं धानाच्या बांधीत सारस सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांचं. पुढे बोलणारे मामा आणि भाची म्हणजे या दोन मतांना मी दिलेली माणसाची रूपं. दोघंही ज्यासाठी भांडतात ते मला जवळचं आहे. त्यामुळे मधे मधे मीही बोलणार आहे.

नागझिरा आणि नवेगाव ही नावं मराठी वाचकाला नवी नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले आणि तिथल्या तळ्याकाठचं पाखरांचं जग त्यांनी मराठी घराघरांत नेलं. किरण पुरंदरे यांनी जंगलात मुक्काम ठोकून 'सखा नागझिरा' लिहिलं. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही अभयारण्यं एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं गाभा क्षेत्र सुमारे 653 चौरस किलोमीटर आहे, गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेलं.

बाहेरून येणाऱ्या पुष्कळांच्या मनात जंगल म्हणजे बारमाही हिरवं, ओलं, वेलींनी गच्च भरलेलं रान असतं. तसं रान पाहायचं तर आंबोलीला जावं किंवा केरळात ठट्टेकाडला. नागझिरा पानगळीचं आहे. येन, धावडा, बिजा, तेंदू, मोह आणि बांबू. फेब्रुवारी सरता सरता पानं झडू लागतात आणि जंगल आरपार दिसायला लागतं. सदाहरित रानात पक्ष्याचा आवाज कानाशी येतो, पण पक्षी उंच छतातल्या पानांत कुठेतरी दडलेला असतो. इथे मार्च महिन्यात तोच पक्षी उघड्या फांदीवर बसलेला सापडतो. नवशिक्याला पक्षी दाखवायला याहून सोयीचं जंगल मला माहीत नाही.

भाचीचं म्हणणं इथूनच सुरू होतं.

भाची: मामा, या हिवाळ्यापासून मी पक्ष्यांच्या सहली घेणार आहे. जिप्सीतून वाघ शोधत फिरायचं नाही. सकाळी सहाला पायी निघायचं, चार-पाच माणसं, प्रत्येकाकडे दुर्बीण. तीन तासांत फार तर दोन किलोमीटर चालायचं.

मामा: आणि या सहलीला येणार कोण? फाटकावर गाडी थांबली की पाहुणा पहिला प्रश्न वाघाचाच विचारतो. 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हापासून तर दुसरं कोणी काही बोलतच नाही. तू त्यांना तांबट दाखवणार?

भाची: दाखवणार. वाघ दिसला नाही तर तीन तास वाया गेले म्हणून माणसं तोंड पाडून परत जातात. त्याच तीन तासांत त्यांच्या डोक्यावरून हरियालांचा थवा गेलेला असतो. आपल्या राज्याचा पक्षी, आणि गाडीतल्या एकानेही मान वर केलेली नसते. ड्रायव्हरने गाडी थांबवलेली नसते, कारण पुढच्या वळणावर सांबराचा कॉल ऐकू आलाय म्हणून तो घाईत असतो. यात पाहुण्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मामा: सांगितलं म्हणून गोडी लागते?

भाची: लागते, पण चालत्या गाडीत नाही. पक्षी आधी कानाने सापडतो, मग डोळ्याने. इंजिनाच्या आवाजात सुभगाची शीळ कुठून ऐकू येणार? गाभ्यात तर गाडीतून उतरताच येत नाही, आणि तो नियम बरोबरच आहे. म्हणून मला गाभ्यात जायचंच नाही. बफरमधली गावं, त्यांच्या कडेचं रान, तलावांच्या पाळी, एवढी जागा मला पुरे.

हे बोलणं मामांना अपेक्षित नसतं. गाईड म्हणजे फाटकाच्या आत जाणारा माणूस, अशी त्यांची समजूत असते. फाटकाच्या अलीकडे पैसे देऊन पाहावं असं काही आहे, हे त्यांना पटत नाही, कारण तिथे ते स्वतः राहतात.

मामा: बरं, दोन किलोमीटरमध्ये तू दाखवणार काय?

भाची: महिना सांगा, मग सांगते.

मामा: मार्च.

भाची: मार्चमध्ये चालायचं नाही, एका जागी बसायचं. काटेसावर किंवा पळस फुललेला बघायचा आणि त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर थांबायचं. सूर्य वर आला की पळसमैनांचे थवे उतरतात. त्या परतीच्या वाटेवर असतात, पार मध्य आशियापर्यंत जायचं असतं त्यांना. मग कोतवाल, शिंजीर, बुलबुल, पोपट. तासाभरात एका झाडावर पंधरा-सोळा जाती सहज होतात, आणि पाहुण्याला कुठे धावावं लागत नाही. पिकलेलं उंबर किंवा वड सापडला तर हरियाल, तांबट आणि धनेशही. झाड कधी पिकणार हे गावातल्या माणसाला माहीत असतं. नागपूरहून सहल काढणाऱ्या कंपनीला ते माहीत नसतं. माझी मजुरी त्या माहितीची आहे.

मामा: आणि हिवाळ्यात?

भाची: हिवाळ्यात सकाळी रानात शिकारीचे मिश्र थवे फिरतात. निखार, सुभग, शिलींध्री, सुतार, रामगंगा, सगळे मिळून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. बहुतेक वेळा बरोबर भृंगराज असतो. इतरांनी उडवलेले किडे तो झेलतो, शिकरा आला तर आधी ओरडतो, आणि दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की नवा माणूस फसतोच. थवा येईपर्यंत अर्धा तास रान रिकामं वाटतं. मग दहा मिनिटांत वीस पक्षी. पाहुण्याला तो रिकामा अर्धा तास शांतपणे बसवून ठेवणं, हेच गाईडचं खरं काम. नावं काय, पुस्तकातही मिळतात.

मला भाचीचं हे बोलणं फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे गाईड म्हणजे बोट दाखवून नाव सांगणारा माणूस. पक्षी दाखवणाऱ्याला मात्र वेळेचं, झाडांचं, पाण्याचं गणित यावं लागतं. कोणत्या झाडाखाली कधी बसायचं नाही, हेसुद्धा. मोहफुलं पडायच्या दिवसांत पहाटे अस्वलं मोहाखाली असतात. नागझिऱ्याच्या आसपास अस्वलं भरपूर. त्या महिन्यात पायी सहल सूर्य चांगला वर आल्याशिवाय निघता कामा नये, आणि मोहाच्या रांगेतून तर मुळीच जाता कामा नये. हे गावातल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं, कारण मोह वेचायला ती जाते. अशा सहलींसाठी गाईड निवडायची वेळ आली तर मी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या आधी मोह वेचणाऱ्या बाईला विचारीन.

मामा: हे झालं जंगलाचं. पण तू तलावांच्या पाळी म्हणालीस. तिथे माझी हरकत आहे.

भाची: का? तलावांवर तर सगळ्यात जास्त पक्षी.

मामा: असतात, पण त्या तलावांना मालक आहेत. तू पाहुण्यांना पाळेवर उभं करशील, ते अडई बघतील, नकटा बघतील, फोटो काढून जातील. त्या पाण्यात ज्याचं जाळं आहे तो ढिवर तिथेच उभा असेल, आणि फोटो नीट यावा म्हणून त्याला 'जरा बाजूला हो' म्हणतील.

इथे मला थोडं थांबून तलावांचं सांगायला हवं, कारण गोंदियाचे पक्षी समजून घ्यायचे तर जंगलाइतकेच तलाव समजून घ्यावे लागतात. पूर्व विदर्भातले हे तलाव निसर्गाने केलेले नाहीत. कोहळी समाजाच्या लोकांनी टेकड्यांमधले उतार हेरून, मातीच्या पाळी घालून ते बांधले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगितलं जातं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे तलाव हजारोंनी आहेत, लहान बोड्या वेगळ्या. गावाच्या धानाला पाणी द्यावं आणि गावाला मासळी द्यावी म्हणून ते झाले. पाण्याच्या कडेने देवधान उगवलं, कमळ आणि शिंगाडा आला, गाळात शेकडो पाणवनस्पती रुजल्या आणि त्यांच्या मागोमाग पक्षी आले. हिमालयापलीकडून येणारा थापट्या किंवा लालसरी इथे उतरते, ती माणसाच्या हातांनी उभ्या केलेल्या पाण्यावर.

1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावांवरची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजे 'मामा तलाव' पडलं. पाळ दुरुस्त करायला, गाळ काढायला पूर्वी सगळं गाव उतरायचं. ती रीत मोडली. गाळ साठला. बेशरम नावाची झुडुपी वनस्पती वाढली आणि तिने काठ गिळले. मासेमारी सहकारी संस्थांकडे गेली आणि उत्पन्न वाढावं म्हणून बाहेरच्या माशांचं बीज सोडण्यात आलं. गवत्या माशाने पाण्यातली वनस्पती खाऊन टाकली. वनस्पती गेली तशी स्थानिक मासळी गेली, आणि पक्ष्यांचं खाद्यही गेलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर काम करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायांनी हे चक्र उलटं फिरवायला घेतलं. बेशरम मुळासकट उपटली, तलावाचा तळ नांगरला, कुठल्या पाण्यात कोणती वनस्पती होती ते म्हाताऱ्यांना विचारून ती पुन्हा लावली. मासळी परतली, तसे पक्षीही परतले.

भाची: मामा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, म्हणूनच तर सांगते. पाळेवर मी एकटी बोलणार नाही. त्या बायांपैकी एक जण माझ्याबरोबर असेल आणि तिचा मेहनताना माझ्याइतकाच असेल. पाहुण्याला कमळपक्षी दाखवायचा असेल तर तो ज्या पानावर चालतोय ते पान तिथे कोणी लावलं, हे त्याला ऐकावं लागेल. बदकं बघायची तर बेशरम कशी उपटतात हेही बघायचं. आणि मासेमारीच्या वेळी आम्ही पाळेवर नसू. जाळं आधी.

मामा: आणि नावेतून फिरायचं म्हणाले तर?

भाची: नाही म्हणेन. हिवाळ्यात बदकांच्या तलावात मोटरबोट म्हणजे सगळा थवा उठून दुसऱ्या गावाला जाणार.

मामा: नाही म्हणायला आज सोपं आहे. हातात पैसे ठेवले की कठीण.

भाची: ओडिशात मंगळाजोडी नावाचं गाव आहे, चिलिका सरोवराच्या काठी. तिथले लोक पूर्वी पाखरं मारून विकायचे. आता तेच लोक पाहुण्यांना बांबूने ढकलायच्या होडीतून पक्षी दाखवतात. मोटर नाही. शिकारीत जेवढं कौशल्य लागायचं तेवढंच आता दाखवण्यात लागतं. त्यांना जमलं, आपल्याला का जमणार नाही?

मामा थोडा वेळ गप्प राहतात. मंगळाजोडीचं उदाहरण भारतात पक्षी-पर्यटनाच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण देतो आणि ते खोटंही नाही. पण मामांचं उत्तर मला त्या उदाहरणापेक्षा वजनदार वाटतं.

मामा: तिथे पाखरं मारली जात होती, म्हणून पाहुणा आल्याने पाखरं वाचली. आपल्या बांधीतला सारस कोणी मारत नव्हतं पोरी. माझ्या आजाने त्याला हाकललं नाही, बापाने हाकललं नाही. जो पक्षी माणसाच्या शेतात माणसाच्या देखत अंडी घालतो, त्याला पाहुण्याने काय वाचवायचं? आणि चिलिकाला पाखरं लाखांनी उतरतात. दहा बिथरली तरी काही होत नाही. आपल्याकडचे सारस मोजायला दोन माणसांच्या हातापायांची बोटं पुरतात. एका जोडीने घरटं सोडलं तर त्या वर्षीचं पीक गेलं.

मुद्दा हा आहे. सारस म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, पाच-सहा फुटांचा, राखाडी अंगाचा, लाल डोक्याचा. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ फक्त गोंदिया जिल्ह्यात, आणि शेजारी भंडाऱ्यात थोडा, एवढाच उरला आहे. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठचा धानपट्टा हे त्याचं घर, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. वाघासाठी राखलेल्या जंगलाशी त्याचा संबंध नाही. त्याचं घर कोणत्याही फाटकाच्या आत नाही, म्हणून त्याला कोणतंही फाटक वाचवत नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, जूनच्या सुमाराला, पहाटे गोंदियातली 'सेवा' ही संस्था, वनविभाग आणि शेतकरी मिळून ठिकठिकाणी एकाच वेळी मोजणी करतात. आकडा खाली येऊ लागला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. विजेच्या तारांना लागून सारस मेले आहेत. धानावरच्या फवारणीचा धोका वेगळा.

मामा: घरटं कसं असतं माहीत आहे ना तुला? रोवणी झाली, बांधीत पाणी भरलं, की जोडी मधोमध जागा धरते. आजूबाजूचा धान आणि गवत उपटून ढीग करते, पाण्याच्या वर. दोन अंडी. महिनाभर नर-मादी आलटून पालटून बसतात. बांधीच्या कडेला धुऱ्यावर मी गेलो तर उठत नाहीत, मला ओळखतात. नवा माणूस तासभर कॅमेरा लावून उभा राहिला की उठतात, लांब जाऊन उभे राहतात. तेवढ्यात कावळा येतो, कुत्रं येतं. पाहुण्याला कळतही नाही की त्याच्यामुळे काय झालं. त्याचा फोटो मात्र छान आलेला असतो. तो फोटो गावाच्या नावासकट फोनवर फिरतो आणि दुसऱ्या रविवारी तीन गाड्या.

भाची: घरट्यावर मी कोणाला नेणार नाही.

मामा: तू नाही नेणार. तुझं बघून दुसरा नेईल.

या वाक्यावर भाचीकडे लगेच उत्तर नसतं, आणि मलाही ते सोपं वाटत नाही. पक्षी-पर्यटनाची शिस्त एका चांगल्या गाईडवर अवलंबून राहत नाही. तिच्या शेजारच्या गावातला सर्वांत वाईट गाईड काय करील, यावर ती ठरते. जंगलाच्या आत निदान वनविभागाचा नियम आहे, दंड आहे, फाटक बंद होतं. धुऱ्यावर यातलं काही नाही. तरीही सारस कोणी पाहूच नये, असं मला म्हणवत नाही. आपल्या जिल्ह्यात हा पक्षी आहे हे गोंदिया शहरातल्याही कित्येक मुलांना दाखवलेलं नाही. न पाहिलेल्या पक्ष्यासाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्या, असं कोण मागणार?

भाचीने मग वाट काढली ती महिन्यांची.

भाची: मामा, जुलै ते कापणी, सारसाची सहल बंद. पूर्ण बंद. पण उन्हाळ्यात? एप्रिल-मे महिन्यांत शेतं कोरडी होतात, तेव्हा सारस स्वतःच तलावांवर गोळा होतात. परसवाड्याला, झिलमिलीला. तेव्हा घरटं नसतं, अंडी नसतात. पाळेवरून, लांबून, दुर्बिणीतून. जोडीच्या हाका ऐकायच्या आणि परत यायचं. एका सकाळी एकच गट, दहाच्या आत माणसं.

मामा: उन्हाळ्यात पाणी थोडं असतं. सगळ्यांना तेवढंच प्यायचं असतं. पाण्याजवळ गेलात तर हरकत आहे.

भाची: पाळ सोडून खाली नाही उतरणार.

मामा: मग उन्हाळ्याला माझी हरकत नाही.

दोघांचं एवढ्यावर जुळलं. पण महिन्यांच्या गणितात भाचीचंही एक दुःख आहे, ते तिने पुढे सांगितलं.

भाची: जंगलाचं उलटं आहे बघा. नवरंग येतो तो पावसाच्या तोंडाशी. हिवाळा दक्षिणेत काढतो, आणि वीण करायला आपल्याकडे. सकाळ-संध्याकाळ रान त्याच्या शिट्टीने भरून जातं. स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी त्याच दिवसांत दिसते. आणि जुलै लागला की गाभा तीन महिने बंद. जिप्सीवाले, गाईड, सगळे घरी. पुष्कळ जण रोवणीच्या मजुरीला जातात. जंगल सर्वांत सुंदर असतं तेव्हा आम्हाला काम नसतं.

मामा: बंद असतं ते बरोबरच आहे. पक्ष्यांची वीण असते, रस्ते चिखलाचे असतात.

भाची: बरोबर आहे, मीही तेच म्हणते. जून महिन्यात काही जण फोनवर नवरंगाची हाक वाजवतात. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं आणि तो घरटं टाकून भांडायला समोर येतो. पाहुणे खूश. अशी हाक वाजवणाऱ्या गाईडचं कार्ड काढून घ्यावं, असं माझं मत आहे. पक्षी नाही दिसला तर नाही दिसला. आवाज ऐकला ना?

मामा: पैसे देऊन नुसता आवाज ऐकून माणूस जाईल?

भाची: पुढच्या वर्षी परत येईल. वाघ दिसलेला माणूस परत येत नाही, मामा. त्याचं काम झालेलं असतं.

हे शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य नाही. नागझिऱ्याला वाघासाठी वर्षानुवर्षं येणारी माणसं आहेत. पण पक्ष्यांच्या बाबतीत ती म्हणते ते खरं आहे. या जंगलात आणि तलावांवर मिळून दोनशेहून कितीतरी अधिक जाती आहेत. ऋतू बदलला की यादी बदलते. एकदा आलेल्याला पुन्हा येण्याचं कारण असतं, आणि तो कमी गर्दीच्या दिवसांत येतो, गावात राहतो, गावात जेवतो.

पैशाचा प्रश्न मात्र मामांनी सोडला नाही.

मामा: ज्याच्या बांधीत घरटं होतं, त्याचा तेवढा धान जातो. पिल्लं फिरायला लागली की आणखी तुडवतात. तो फवारणी टाळतो, कुत्री हाकलतो. तुझ्या सहलीतून त्याला काय?

भाची: प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम वेगळी ठेवू. ज्यांच्या शेतात घरटं झालं त्यांना वाटू.

मामा: घरट्यामागे पैसे दिलेस तर लोक घरटं दाखवायला लागतील. 'माझ्याकडे आहे, या बघायला.' आणि उद्या घरटं मोडलं तरी पैसे मागतील. पैसे घरट्याचे देऊ नकोस. पिल्लू उडालं की दे.

भाची: म्हणजे कापणीच्या सुमाराला?

मामा: अंड्यातून निघून उडायला त्याला तीन महिने लागतात. तोवर कापणी येतेच. पिल्लू जिवंत, तर त्या शेतकऱ्याला पैसे. कोणी गाडीभर माणसं आणून उभी केली आणि जोडी उठली, तर त्याचं नुकसान त्याचंच. मग तोच धुऱ्यावर कोणाला येऊ देणार नाही. तुझा नियम तुला सांभाळायला नको.

मला मामांची ही सूचना या सगळ्या बोलण्यातली सर्वांत कामाची वाटते. बक्षीस घरटं सापडल्याबद्दल दिलं, तर घरट्याकडे माणसांची रीघ लागते. पिल्लू उडाल्यावर दिलं, तर माणसं लांब ठेवण्यात शेतकऱ्याचा फायदा असतो. पर्यटनाच्या योजना आखताना पैसा कुणाला द्यायचा याचा विचार होतो. कधी द्यायचा, याचा फारसा होत नाही.

भाची: आणि पिल्लू उडालं की नाही हे ठरवायचं कोणी?

मामा: मोजणीला येणारी माणसं आहेत, ग्रामसभा आहे. वहीत लिहायचं, सगळ्यांसमोर.

भाची: मामा, माझे पहिले पाहुणे नागपूरचे नकोत मला. 5 ते 12 नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. 2020 पासून सरकारनेच तो ठरवला आहे. त्या आठवड्यात गावच्या शाळेतली मुलं नेते, फुकट. तलावावर अडई आणि थापटे उतरलेले असतात, आणि जंगल ऑक्टोबरपासून उघडलेलं असतं.

मामा: मुलांना ने. पण दुर्बिणी कुठून आणणार?

भाची: दोन आहेत. आणखी चार मागायच्या आहेत, पंचायतीकडे अर्ज केलाय.

मामा: अर्जात धुऱ्याचा नियम लिहिलास का? पाळेपासून किती लांब, कोणत्या महिन्यात बंद?

भाची: नाही लिहिला.

मामा: तो आधी लिही. जुलै ते कापणी, हे शब्द ठळक लिही. मग मी माझ्या शेजारच्या तीन शेतकऱ्यांना सही करायला सांगतो. चौथा करणार नाही. त्याच्या शेतात मागच्या वर्षी कॅमेरेवाले शिरून धान तुडवून गेले होते, तो अजून रागात आहे. त्याच्याकडे तू स्वतः जा, आणि जाताना त्या ढिवर बाईलाही बरोबर घे.